वाचकांचे प्रश्न : शहरातले ॲव्हरेज आणि महामार्गावरचे ॲव्हरेज

प्रश्न : मी गाडीची टाकी दर वेळी पूर्ण भरतो आणि किलोमीटर वहीत लिहून ठेवतो. मागच्या खेपेस सोलापूर शहरात १२० आणि पंढरपूर-तुळजापूरच्या फेऱ्यांसह महामार्गावर ३६० किलोमीटर झाल्यावर ३० लिटर पेट्रोल बसले. या खेपेस शहरात २४० आणि महामार्गावर १८० किलोमीटर झाले, तरी पेट्रोल ३० लिटरच लागले. ॲव्हरेज १६ वरून १४ वर आले, म्हणजे गाडीत बिघाड आहे का? दहावीतला मुलगा बीजगणिताने उत्तर काढू पाहतो, पण त्याची समीकरणे सुटत नाहीत.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : चिरंजीवांची वाट योग्य आहे, पण बहुधा त्यांनी ‘लिटरमागे किलोमीटर’ हीच अज्ञात राशी धरली असावी. तसे केल्यास ती छेदात जाते आणि समीकरण रेषीय राहत नाही. त्याऐवजी एका किलोमीटरला शहरात क्ष लिटर आणि महामार्गावर य लिटर पेट्रोल लागते असे मानावे, म्हणजे आपल्या वहीतल्या दोन नोंदी अशा मांडता येतात :

१२०क्ष + ३६०य = ३०
२४०क्ष + १८०य = ३०

पहिल्या समीकरणाची दुप्पट करून त्यातून दुसरे वजा केल्यास ५४०य = ३० उरते, म्हणून य = १/१८ आणि ती किंमत पहिल्या समीकरणात ठेवल्यावर क्ष = १/१२ मिळते. म्हणजे गाडी शहरात लिटरला १२ आणि महामार्गावर १८ किलोमीटर धावते. दोन्ही खेपांना शहर आणि महामार्ग यांचे प्रमाण सारखेच असते, तर दुसरे समीकरण पहिल्याचीच पट ठरले असते आणि काहीच हाती लागले नसते. आपले प्रमाण बदलले, हे बरेच झाले.

टाकी भरताना मात्र काटेकोर राहावे. पंपाचे नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होताच थांबावे, कारण दुसऱ्या नोंदीत ३० ऐवजी ३१ लिटर धरले तर शहराचे उत्तर १२ वरून ११.२५ वर उतरते आणि महामार्गाचे सुमारे १८.६ पर्यंत चढते.

आता बिघाडाविषयी. दोन अज्ञात राशींना दोन समीकरणे दिली की उत्तर सहसा जुळतेच, त्यामुळे एवढ्यावरून गाडी निर्दोष ठरत नाही. १६ वरून १४ होणे शहरातल्या वाढलेल्या फेऱ्यांनी समजावता येते, इतकेच म्हणता येईल. खरी परीक्षा तिसऱ्या नोंदीची. समजा पुढच्या खेपेस शहरात १८० आणि महामार्गावर १८० किलोमीटर झाले, तर १५ आणि १० मिळून २५ लिटर लागायला हवेत. (३६० भागिले २५ म्हणजे लिटरला १४.४ किलोमीटर. त्याऐवजी १२ आणि १८ यांची सरासरी १५ धरण्याची चूक अनेकजण करतात, आणि आपण मायलेजलाच ‘ॲव्हरेज’ म्हणत असल्यामुळे ती लवकर ध्यानातही येत नाही.) त्या वेळी पेट्रोल २५ लिटरच्या आसपास बसले तर निश्चिंत राहावे. २८ बसले, तर आधी टायरमधली हवा तपासावी, उन्हाळ्यात एसी किती चालला ते आठवावे, आणि त्यानंतर मेकॅनिककडे जावे. जाताना वही सोबत न्यावी.