अ‍ॅबाची शेवटची गाणी कुठून सुरू करायची

अरे भो, अ‍ॅबाचं, म्हणजे त्या स्वीडनच्या चौघांच्या पॉप ग्रुपचं, डान्सिंग क्वीन पाठ झालं म्हणतोस, मस्त, आता १९८१-८२ ची, ग्रुप थांबायच्या आधीची गाणी ऐक. पण पहिली चूक सगळेच करतात, हिट्सची प्लेलिस्ट शफलवर टाकतात आणि मधेच १९८१-८२ चं गाणं आलं की हे काय रडकं म्हणून स्किप. तसं करू नको.

सुरुवातीला तीनच घे:

१. द डे बिफोर यू केम (१९८२). तू भुसावळ-जळगाव अप-डाउन करतोस ना, मग गाडीतच ऐक. जवळपास सहा मिनिटं, धड कोरस नाही, ग्रुपमधली गायिका अग्नेथा नुसता साधा दिवस सांगते, गाडी, पेपर, ऑफिस, जेवण, आणि मागे दुसरी गायिका फ्रीडाचा आवाज असा वर चढत जातो की काहीतरी होणार वाटत राहतं. इंग्लंडात ३२ नंबरवर अडकलं होतं, आपल्या मते त्यांचं बेस्ट.

२. द व्हिजिटर्स. दाराची बेल वाजते अन् आतला माणूस भीतीने गारठतो. सोव्हिएत रशियातल्या विरोधकांवर आहे. हेडफोन पाहिजेच, मोबाईलच्या स्पीकरवर सुरुवातीचं सगळं वाया जातं.

३. व्हेन ऑल इज सेड अँड डन. ग्रुपमधलं जोडपं बेनी-फ्रीडा वेगळे होत होते तेव्हाचं, गाते फ्रीडाच.

दुसरी चूक, यात नाचायला शोधू नको, लग्नाच्या डीजेला चालणार नाही हे. बी-साइड, डेमो, २०२१ चा अल्बम वगैरे नंतर बघू. आधी ही तीन चार-पाचदा ऐक, मग सांग कोणतं लागलं.