बर्फ काढा, कापूस घाला: हिवाळ्याच्या युद्धदेवाबद्दल

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कादंबरीत सात देवांचं मंडळ आहे, त्यातला एक युद्धाचा आणि हिवाळ्याचा. त्याला तुम्ही बर्फाचा किल्ला, दोन पांढरे लांडगे आणि गोठलेली तलवार दिली आहे. मुलूख मात्र वऱ्हाडासारखा, काळ्या मातीचा, कापूस-तुरीचा. वाचणारे म्हणतात, देव परका वाटतो. शिवाय युद्ध आणि हिवाळा ही दोन खाती एकाच देवाकडे का, हेही कोणाला कळत नाही.

दुसरी तक्रार आधी घेतो, कारण पहिलीचं मूळ तिच्यातच आहे.

युरोपात हिवाळा म्हणजे लढाई थांबण्याचा काळ. रोमन लोकांचा युद्धदेव मार्स, त्याच्या नावाचा महिना मार्च, म्हणजे थंडी सरताना मोहिमा सुरू. ऑक्टोबरात शस्त्रं शुद्ध करून ठेवायची आणि फौजा छावणीत बसायच्या. त्यामुळे तिकडचा लेखक युद्ध आणि हिवाळा एकत्र आणतो तेव्हा त्याला काहीतरी क्रूर, निसर्गाच्या उलटं दाखवायचं असतं. आपल्याकडे गणित नेमकं उलटं आहे. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडीचं चाक आसापर्यंत रुततं, नद्या पायी ओलांडता येत नाहीत. दसऱ्याला शस्त्रं पुजून सीमोल्लंघन करायचं ते याच कारणानं. अर्थशास्त्रात कौटिल्यानं लांबच्या मोहिमेला मार्गशीर्ष सांगितला आहे, आणि कारण दिलंय ते पोटाचं: शत्रूचं जुनं धान्य संपलेलं असतं, नवं अजून साठवलेलं नसतं.

आपल्या भागातल्या तारखाच बघा. अडगावची लढाई २९ नोव्हेंबर १८०३. गाविलगड पडला १५ डिसेंबर १८०३ ला. सीताबर्डीची लढाई २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७. विदर्भाबाहेर पानिपत, १४ जानेवारी १७६१. म्हणजे आपल्या मुलखात हिवाळा हाच लढाईचा हंगाम. तुमच्या देवाकडे दोन खाती नाहीतच, एकच आहे: रस्ते वाळल्यापासून ऊन तापेपर्यंतचा काळ. हे पहिल्या वीस पानांत एखाद्या म्हाताऱ्या गाडीवानाच्या तोंडून आलं की पुढं काही समजावून सांगावं लागत नाही.

आता बर्फ. तो पूर्ण काढा. इथली थंडी वेगळ्या जातीची आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री साधारण १० ते १३ अंश आणि दुपारी २८ च्या आसपास. थंडीची लाट आली तर आणखी खाली. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ वर गेला होता. ही थंडी आकाशातून पडत नाही, जमिनीतून निघून जाते. आभाळ निरभ्र, हवा कोरडी, वारा पडलेला असला की दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब वर सोडून देते. थंड हवा जड असते, ती उतारानं खाली सरकते आणि नाल्याकाठच्या खोलगट वावरात साचते. माळावर कुडकुड कमी, नाल्यात जास्त. ढग आले की ऊब अडते आणि थंडी मोडते.

यातूनच देवाची ताकद आणि तिची किंमत दोन्ही निघतात. तो बर्फ पाडत नाही, तो आभाळ मोकळं करतो. भक्तानं हाक मारली की ढग सरतात, वारा पडतो, पहाटेपर्यंत शत्रूच्या छावणीत बोटं वाकेनाशी होतात. पण आभाळ मोकळं झालं की चांदणंही पडतं, आणि त्या चांदण्यात आपलीही फौज दिसते. म्हणून त्याची मदत अमावास्येच्या आसपास स्वस्त आणि पौर्णिमेला महाग. फुकटची शक्ती कथा मारते. इथं किंमत हवामानातच आहे, वेगळा शाप शोधायला नको.

त्याच्यावर उतारेही असेच साधे ठेवा, आपले शेतकरी करतात तेच. थंडीच्या लाटेत गव्हाला, भाजीपाल्याला पाणी देतात, कारण ओलीत केलेली जमीन ऊब धरून ठेवते. धुऱ्यावर काडीकचरा पेटवून रात्रभर धूर धरतात. तुमच्या कथेतला वेढ्यात सापडलेला गाव हेच करील: विहिरीवर मोटा चालवून गावाभोवतीची वावरं भिजवील आणि ओल्या तुराट्यांचा धूर करील. देवाशी असं लढणारा गाव वाचकाला पटतो. मात्र त्या तुराट्या कुठून आल्या याचा हिशोब ठेवा. तूर साधारण डिसेंबर-जानेवारीत निघते. प्रसंग कार्तिकात असेल तर शेतात उभी तूर असेल आणि तुराट्या गेल्या वर्षीच्याच.

पहाटेची चढाई जरा जवळून लिहा. नाल्यात धुवारी, म्हणजे धुकं, वर माळ स्वच्छ. तातीची, म्हणजे आतड्याच्या दोरीची, प्रत्यंचा दवानं ओलसर होऊन ढिली पडते, म्हणून जाणता तिरंदाज ती उतरवून पागोट्यात ठेवतो आणि शेवटच्या क्षणी चढवतो. ज्यानं रात्री धनुष्य चढवूनच ठेवलं त्याचा बाण वीस पावलं अलीकडे पडतो. देवाचा कोप म्हणून एवढं पुरे. वीज पडायला नको.

रंग पांढराच ठेवायचा असेल तर बर्फाचा नको, कापसाचा ठेवा. पहिल्या-दुसऱ्या वेच्याच्या दिवसांत फुटलेला पट्टा दिसतो तो पांढरा. आणि कापूस इथं नुसता रंग नाही, ते चिलखत आहे. कापडाचे थर आणि कापूस भरून शिवलेला जाड अंगरखा हिंदुस्थानातल्या फौजांनी खूप वापरला. तो तलवारीचा वार बऱ्यापैकी झेलतो, रात्री ऊबही देतो. म्हणजे शेतकऱ्याचं पीक, शिपायाचं कवच आणि थंडीवरचा उपाय एकाच वस्तूत. दोष दोन: दवात भिजला की जड होतो आणि दुपारपर्यंत वाळत नाही, ठिणगी पडली की पेटतो. तुमच्या देवाच्या पुजाऱ्यानं आगीजवळ अंगरखा घालू नये हा नियम करा, तो नियम एकदा मोडला जाऊ द्या, आणि तुम्हाला एक प्रकरण मिळालं.

हत्यार तलवारीऐवजी कुऱ्हाड. विदर्भातल्या लोहयुगीन शिळावर्तुळांत, म्हणजे भोवती दगडांचं कडं असलेल्या दफनांत, जुनापाणी, माहूरझरी, टाकळघाट-खापा इथं, लोखंडी हत्यारं आणि घोड्यांचा साज सापडला आहे. तिथल्या चपट्या कुऱ्हाडींना दांड्याशी आवळायला आडव्या-उभ्या लोखंडी पट्ट्यांची कडी असते, फुलीसारखी दिसणारी. ती फुली हेच देवाचं चिन्ह. दारावर गेरूनं काढता येते, ढालीवर कोरता येते, लहान पोरालाही जमते. चिन्ह असंच हवं. तुमचं ते सहा कोनांचं हिमस्फटिक कुठल्या गावच्या माणसानं कधी पाहिलंय?

देऊळही त्याच धर्तीवर: शिखर-कळस नको, शिवेबाहेर माळावर गोट्यांचं वर्तुळ, मधे काहीच नाही. मूर्ती फक्त हिवाळ्यात येते, एरवी जागा रिकामी. रिकामं वर्तुळ पाहून उन्हाळ्यात येणाऱ्या परक्याला वाटतं इथं देव नाही. तेही कथेत कामाला येतं.

नाव. तुमचं संस्कृत नाव भारदस्त आहे, पण खेड्यातला माणूस ते रोज उच्चारणार नाही. माझी सूचना हिवरोबा. हीव म्हणजे थंडी, आणि हिवर हे पांढुरक्या सालीचं काटेरी झाड आपल्या माळांवर आहेच. हिवरा, हिवरखेड ही गावांची नावं विदर्भभर पसरलेली, त्यामुळे वाचकाला वाटेल की हा देव आधीपासून होता, आपल्यालाच माहीत नव्हता. राजदरबारात पंडित त्याला तुमच्या संस्कृत नावानं बोलावू देत. एका देवाची दोन नावं आणि कोणतं कुठं चालतं यावरून पात्राची जात-पत समजते.

आता या देवाचं खरं पेच असलेलं अंग. हिवाळ्यात पिकं उभी असतात, म्हणून रात्री शेतात जागल असते: माळ्यावर बसून रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) हाकायचे. त्याच रात्री लुटारू टोळी निघते. दोघेही हिवरोबालाच हात जोडून निघालेत. देव कोणाचं ऐकणार? याचं उत्तर तुमच्या मसुद्यात नाही, आणि देव पोकळ वाटतो तो मुख्यतः म्हणून. माझं उत्तर: जो जागा, त्याच्या बाजूला. त्याला न्याय-अन्याय नाही, धर्म-अधर्म नाही, फक्त जाग आहे. कोजागरीला लक्ष्मी विचारते की कोण जागं आहे. तुमच्या देवाचा हंगाम त्याच सुमाराला उघडा, पण त्याचा प्रश्न धनाचा नाही, जिवाचा. पहाऱ्यावर डुलकी लागली तर तो शत्रूकडे जातो, मग तुम्ही कितीही कोंबडी कापली असोत.

फौजेचा हिशोब लिहून ठेवा, कारण थंडीपेक्षा पोट जास्त लढाया ठरवतं. माणशी रोज पाऊण किलो ज्वारी धरली तर १००० माणसांना साडेसात क्विंटल. घोड्याला रोज ८ ते १० किलो कोरडा चारा, वर दाणा; म्हणजे २०० घोड्यांना १६ ते २० क्विंटल कडबा, तोही फक्त एका दिवसाचा. पाणी घोड्यामागे २५ ते ४० लिटर. एवढा कडबा गाड्यांतून वाहत नेणं होत नाही, तो वाटेतल्या गावांच्या गंज्यांतून उचलावा लागतो. म्हणून हिवरोबाच्या कोपाची खूण म्हणजे पेटलेली गंजी. आणि लुटारू शोधणार ते पेव. जमिनीखालच्या पेवात धान्याच्या श्वासानं हवा विषारी झालेली असते. झाकण काढून बराच वेळ उघडं ठेवल्याशिवाय आत उतरायचं नसतं. घाईत उतरलेला पहिला लुटारू परत वर येत नाही, त्याला काढायला गेलेला दुसराही नाही. गावकरी म्हणतील देवानं घेतला. खरं कारण जाणणारं एखादं पात्र गप्प राहील. असा प्रसंग एकच ठेवा, दोनदा केला तर युक्ती उघडी पडते.

सणांबद्दल फार लांबवत नाही. देवाला जागं करायची उठवण आश्विनात, निरोपाची बसवण फाल्गुनी पौर्णिमेला. होळी जळाली, थंडी पळाली हे आपण म्हणतोच. बसवणीला कुऱ्हाड ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवायची. त्यानंतर घेतलेली शपथ त्याच्या नावानं चालत नाही, आणि उन्हाळ्यात लढणारा राजा बिनदेवाचा ठरतो. तुमच्या खलनायकाला वैशाखातच हल्ला करू द्या. नैवेद्याला पहिल्या वेच्याआधी आपण वावरात सीतादहीची पूजा करतो तसं काहीतरी साधं ठेवा: भाजलेला हुरडा, मीठ, भाकर. दूध-तूप दुसऱ्या देवांना.

एक जपायची गोष्ट. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाचं षड्रात्र संपतं, मणी-मल्लांवरच्या विजयाचा उत्सव असतो, भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. म्हणजे थंडीतला युद्धदेव आपल्याकडे जिवंत आहे. त्यातून लय घ्या, पण भंडारा, तळी, नाव, कथा तशीच उचलू नका. लोक ज्याला नवस बोलतात त्याला कादंबरीत हरवणं-जिंकवणं कोणालाही रुचत नाही, आणि नक्कल लगेच ओळखू येते.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, त्याला बायको असावी का. बायको नको, बहीण द्या. अवकाळी ढगांची आणि गारांची देवी, जी माघ-फाल्गुनात हरभरा-गहू झोडपते. गारा थंड असल्या तरी त्या खात्यात त्याचा हात नको, नाहीतर त्याचं मोकळं आभाळ आणि हिचे ढग एकाच हातात येतात आणि नियम कोसळतो. ती आली की तो निघून जातो, आणि गावातल्या बाया म्हणतात, "आभाय आलं, भाऊ गेला." त्या रात्री पहाऱ्यावर जागणाऱ्याच्या बाजूलाही कोणी नसतं. तुमच्या तेराव्या प्रकरणातली लढाई त्या रात्री ठेवा.