फेलोशिप बंद होतेय म्हणून धरण्यावर बसायला जावं का? 'ऑक्युपाय यूजीसी'ने काही साधलं होतं का?

जावं, पण दोन दिवसांत निकाल लागेल या आशेवर नको. ऑक्टोबर 2015मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, नॉन-नेट फेलोशिप (नेट परीक्षेशिवाय संशोधक विद्यार्थ्यांना मिळणारी) गुंडाळायचं ठरवलं. एमफिलला महिना 5,000, पीएचडीला 8,000 रुपये. दिल्लीत खोलीभाडं जेमतेम भागावं एवढेच. पोरं आयटीओजवळच्या यूजीसी कार्यालयाबाहेर मुक्कामालाच बसली, तेच 'ऑक्युपाय यूजीसी'. पोलिसांनी उचललं, ती पुन्हा आली. डिसेंबरात लाठ्याही खाल्ल्या. फेलोशिप वाचली, रक्कम मात्र तेव्हा वाढली नाही.

जाताना आयकार्ड, रोजच्या गोळ्या, पॉवर बँक घ्या. वकिलाचा नंबर पेनाने हातावर लिहा, मोबाइल आधी काढून घेतात. अटक दाखवली तर 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं. आणि गाइडच्या कानावर आधीच घाला. पहिली धमकी बहुधा डिपार्टमेंटमधूनच येते.