सीएनसीच्या एकाच अक्षाला दोन मोटरी: गँट्री गुण्यात कशी ठेवायची?

प्रश्न: माझ्या लाकूड कापायच्या सीएनसी (कंप्युटरवर चालणाऱ्या) राउटरची गँट्री, म्हणजे कटर वाहून नेणारा आडवा पूल, वाय अक्षावर सरकवायला दोन्ही बाजूंना एकेक स्टेपर (ठरावीक टप्प्यांनी फिरणारी) मोटर आहे. दोन्ही एकाच ड्रायव्हरवर (मोटरला करंट पुरवणाऱ्या सर्किटवर) चालवल्या तर चालेल का? आणि कापलेली फळी गुण्यात (काटकोनात) का येत नाही?

उत्तर: एका ड्रायव्हरवर दोन मोटरी चालवू नका. समांतर जोडल्या की करंट दोघींत वाटला जातो, ताकद कमी पडते. त्यात एकीची वायर सुटली तर सगळा करंट दुसरीत जातो. दोन ड्रायव्हर घ्या, दोन्हींवर करंट आणि मायक्रोस्टेप (एका स्टेपचे किती बारीक भाग करायचे ते) सारखे लावा, आणि निदान सुरुवातीला स्टेप-डिरेक्शनचे (किती आणि कुठल्या दिशेने फिरायचं ते सांगणारे) सिग्नल दोघांना एकत्रच द्या. बेल्ट किंवा रॅक-पिनियन असेल तर मोटरी एकमेकींकडे तोंड करून बसतात, म्हणून एक उलटी फिरायला हवी. त्यासाठी तिच्या एका कॉइलच्या दोन वायरींची अदलाबदल करा, पण वीज बंद करूनच. चालू ड्रायव्हरची मोटर-वायर काढली तर ड्रायव्हर जळू शकतो.

इथवर गँट्री हलेल, पण गुण्यात राहीलच असं नाही. वीज गेली की मोटरींची पकड सुटते आणि गँट्री फ्रेमच्या ताणाप्रमाणे जराशी तिरकी होते. वीज आली की प्रत्येक मोटर स्वतःला जवळची जागा पकडते, आणि अशी जागा दर चार पूर्ण स्टेपनंतर येते. एका फेऱ्यात 200 स्टेप घेणाऱ्या मोटरवर 5 मिमी लीडचा (एका फेऱ्यात 5 मिमी सरकवणारा) बॉलस्क्रू असेल तर हे अंतर 0.1 मिमी. 20 दात्यांची जीटी2 (2 मिमी अंतरावर दाते असलेल्या बेल्टची) पुली असेल तर 0.8 मिमी! बेल्टच्या मशीनवर रोज सकाळी तिरकेपणा वेगळा दिसतो तो यामुळे.

उपाय म्हणजे दोन्ही बाजूंना स्वतंत्र लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाचा स्विच), आणि होमिंगला, म्हणजे मशीन सुरुवातीची जागा शोधतं तेव्हा, प्रत्येक मोटर आपापल्या स्विचवर थांबणं. सीएनसी शील्डवर (आर्डुइनोवर बसणाऱ्या, ड्रायव्हर लावायच्या बोर्डवर) जंपर लावून ए नावाच्या चौथ्या ड्रायव्हर-सॉकेटला वायची नक्कल करायला लावली तर हे जमत नाही, कारण दोघींना कायम तेच पल्स जातात. मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरप्रमाणे हे वेगवेगळं करतात. आर्डुइनो युनोवर जीआरबीएल 1.1एच असेल तर कॉन्फिग फाइलमध्ये ड्युअल अ‍ॅक्सिस चालू करून ते पुन्हा चढवावं लागतं. फ्लुइडएनसीत एकाच अक्षाखाली दोन मोटरी आणि प्रत्येकीचा लिमिट पिन लिहिता येतो. लिनक्ससीएनसीत दोन्ही जॉइंटना (म्हणजे दोन्ही मोटरींना) होम सिक्वेन्सचा (होमिंगच्या क्रमाचा) एकच आकडा द्यायचा, तोही उणे. उणे चिन्ह द्यायचं राहून गेलं तर शेवटची हालचाल दोघी मिळून करत नाहीत आणि गँट्री पिळते.

मग स्विच जुळवायचे. यात मात्र घाई करू नका. एका प्लायवर गँट्रीच्या दिशेने 600 आणि वायच्या दिशेने 800 मिमी अंतरावर चार बारीक भोकं पाडा. दोन्ही कर्ण 1000 मिमी यायला हवेत. फरक आला तर त्याला 1.6 ने भागा. 600 मिमी रुंदीत गँट्री तेवढी तिरकी आहे. समजा फरक 0.8 आला, म्हणजे तिरकेपणा 0.5. तुमच्या मोटरींमधलं अंतर 900 असेल तर एका बाजूचा स्विच 0.75 मिमी सरकवायचा. लांब कर्णाचं वाय वाढणाऱ्या दिशेचं टोक ज्या बाजूला, ती बाजू पुढे गेलेली असते. हे सगळं करण्याआधी वीज बंद ठेवून गँट्री हाताने सरकवून बघा. ती मुळातच वाकडी बसत असेल तर आधी बोल्ट सैल करून फ्रेम सरळ करा, नाहीतर मोटरी आयुष्यभर तिला ओढत राहतील आणि बेअरिंग झिजतील.

माझ्या एका मशीनवर चालू कामात एका बाजूच्या कपलिंगचा (मोटरचा शाफ्ट स्क्रूला जोडणाऱ्या भागाचा) ग्रब स्क्रू, म्हणजे शाफ्टवर आवळायचा बिनडोक्याचा स्क्रू, सैल झाला. ती बाजू थांबली, दुसरी ढकलत राहिली, आणि लिनियर रेलचे दोन ब्लॉक बदलावे लागले. क्लोज्ड-लूप ड्रायव्हर (एन्कोडर नावाच्या सेन्सरने मोटर खरंच फिरली का ते तपासणारे) घेतलेत तर दोघांचे अलार्म इमर्जन्सी स्टॉपच्या साखळीत जरूर जोडा, पण अशा वेळी तेही गप्प बसतात: एन्कोडर मोटरच्या पाठीवर असतो आणि मोटर तर फिरतच असते. म्हणून मी शाफ्ट आणि कपलिंगवर मिळून मार्करने एक आडवी रेघ ओढतो. रेघ तुटलेली दिसली की कपलिंग सरकलं.