आधी भरतीची रेघ ओढ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

हाऊस मिल या भरतीच्या पाण्यावर चालणाऱ्या जुन्या चक्कीची तुझी रेखाटनं मिळाली. दर्शनी भिंत सुरेख काढली आहेस. खिडक्यांच्या ओळी, १७७६ सालची पाटी, सगळं जागच्या जागी. तरीही सांगतो, सुरुवात चुकीच्या टोकानं झाली. ही इमारत रस्त्याकडून समजत नाही, पाण्याकडून समजते.

लंडनच्या पूर्वेला ली नदीत थेम्समधून भरती शिरते. त्याच पाण्यावर डॅनियल बिसननं ही चक्की उभारली. तुझ्या गावच्या खाजणातली मानस, म्हणजे बांधातली ती पाण्याची दारं, आठव. तिथे भरती आली की दारं मिटतात आणि खारं पाणी शेताबाहेर राहतं. इथे नेमकं उलटं. भरती दारं ढकलून आत येते, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबानं ती मिटतात. बाहेरची पातळी पुरेशी उतरली की कोंडलेलं पाणी चार चाकांच्या बुडाशी सोडायचं. म्हणजे कामाची वेळ चंद्रानं ठरवायची. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कधी भरदुपारी दळण, तर कधी मध्यरात्री. चक्की दोन घरांच्या मध्ये का बांधली, ते आता लक्षात येईल. नावही त्यावरूनच पडलं. १९४०च्या बॉम्बहल्ल्यात शेजारच्या घराची नासधूस झाली आणि पुढच्या वर्षी दळण थांबलं.

तुझ्या नकाशात घर आणि चक्की दोन वेगळ्या रंगांत आहेत. एकाच रंगात काढ.

बाहेरून वीट दिसते, पण आतला सांगाडा लाकडाचा आहे. खांबांची मापं घेताना नुसती लांबी-रुंदी लिहून थांबू नकोस, त्या खांबावर काय होतं ते शोध. इथे जात्यांच्या १२ जोड्या होत्या. धान्याची पोती आधी सगळ्यात वर चढवायची. तिथून धान्य आपल्याच वजनानं खाली जात्यात आणि पीठ त्याच्याही खालच्या मजल्यावर. धान्याचा वजनदार साठा माथ्यावर, फिरणारे दगड मधोमध, चाकं पायाशी. तुळया इतक्या जाड का, याचं उत्तर या उतरणीत आहे. हे बहुतेक दळण जिनच्या भट्ट्यांसाठी होतं, भाकरी-पावासाठी नव्हे.

दगडापाशी मात्र बैस. घाई करू नकोस. वरच्या पाळूवरच्या खाचा बोटानं चाचपून बघ. मधल्या भोकापासून कडेकडे जाणाऱ्या या खाचाच पीठ बाहेर लोटतात. आपल्याकडे जात्याला टाकी लावायला माणूस दारावर यायचा. माझी आजी त्याचं काम झालं की तळीवरून हात फिरवून बघायची आणि एखादी जागा गुळगुळीत राहिली असेल तर परत बसवायची. तसाच हात तुझा व्हायला हवा.

मी तुझ्या वयाचा असताना एका वाड्याचं मोजमाप केलं. भिंती इंचाइंचानं मोजल्या, पण चौकातल्या फरशीचा उतार टिपला नाही. त्याच नकाशावरून दुरुस्ती झाली आणि पहिल्याच पावसात पाणी देवघराच्या उंबऱ्यापर्यंत तुंबलं. त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी मला एका शब्दानंही दोष दिला नाही. ते अजून सलतं. म्हणून पाण्याबाबत तुला इतकं बजावतो आहे.

शेजारची क्लॉक मिल १८१७ची आहे, तिचं मोजमाप सध्या राहू दे. एकाच इमारतीवर पंधरा दिवस दे. भरती-ओहोटीच्या वेळा आधी बघून जा, आणि पूर्ण ओहोटीला पुलावरून चाकांखालचे मार्ग बघ. एरवी ते दिसायचे नाहीत. चिखलात उतरू नकोस.

मग मला एकच छेदचित्र पाठव, चाकांपासून माथ्यापर्यंत. त्यावर पहिल्यांदा भरतीची रेघ ओढ, मग ओहोटीची, आणि त्यानंतरच भिंती.

तुझा,
सर