दुकानात आवडले, घरी घुमले

प्रश्न : दुकानात स्पीकरच्या दोन जोड्या ऐकल्या. त्यातली एक लगेच आवडली, पण चाचणीसाठी घरी आणल्यावर तिचा बास घुमतो. माझी निवड चुकली का?

उत्तर : एवढ्यावर जोडी परत करू नका. घुमण्यामागे बहुधा खोली असते. खोली 5 मीटर लांब असेल, तर लांबीच्या दिशेचा पहिला अनुनाद, म्हणजे खोलीच फुगवते असा खोल सूर, साधारण 34 हर्ट्झला येतो. भिंतीला टेकून बसलात की तो सर्वांत जास्त जाणवतो. म्हणून आधी खुर्ची भिंतीपासून पुढे घ्या. मग स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा आणि 10-10 सेंटीमीटरने सरकवत एकच ओळखीचा बासचा तुकडा ऐका. एवढ्यानेही बराच फरक पडतो.

दुकानातली तुलनाही तपासायला हवी. एका जोडीची संवेदनशीलता (तेवढ्याच विजेवर ती किती मोठी वाजते ते) 90 डेसिबल आणि दुसरीची 86 असेल, तर बटण त्याच जागी ठेवूनही पहिली सुमारे 4 डेसिबल मोठी वाजते, आणि मोठा आवाज कानाला हमखास सरस वाटतो. बहुतेकांची फसगत इथेच होते. पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा खरखराट) लावा, बसण्याच्या जागी दोन्ही जोड्यांची पातळी मोजा आणि फरक अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. फक्त फरक पाहायचा असल्याने फोनवरचे मीटरही चालते.

त्यानंतर बोलणारा मानवी आवाज ऐका. मधल्या पट्टीतला दोष त्यात लपत नाही. स्पीकर 4 ओहमचे, म्हणजे जास्त वीजप्रवाह ओढणारे असतील, तर अॅम्प्लिफायरला तो भार चालतो का, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत आधी पाहून घ्या.