चाळीतल्या कांद्याला पाणी का सुटते?

प्रश्न : उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत भरला. वरून टरफल छान लाल, पण दाबला की मानेतून घाण वासाचे पाणी येते. बुरशीनाशक फवारले, फरक नाही. हे जिवाणू मातीतून येत असतील तर माती निर्जंतुक करावी का?

उत्तर : आधी दोन-चार कांदे उभे चिरून पाहा. टरफलाखाली काळी भुकटी दिसली तर ती काळी बुरशी. पण आतली एखाद-दुसरीच पाकळी पिवळट, बुळबुळीत असेल आणि दाबल्यावर गाभा सटकून वर येत असेल, तर ते बहुधा बर्खोल्डेरिया सेपेशिया या जिवाणूचे काम. अख्खा कांदाच लिबलिबीत झाला असेल तर पेक्टोबॅक्टेरियमचा संशय घ्या. दोन्हींवर बुरशीनाशक चालत नाही, तो खर्च थांबवा.

कांद्याच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवते ते पेक्टिन. हे जिवाणू पेक्टिन विरघळवणारी विकरे (एन्झाइम) सोडतात; पेशी सुट्या होऊन फुटतात आणि आतले पाणी बाहेर येते. पेक्टोबॅक्टेरियम तर संख्या थोडी असेपर्यंत ही विकरे फारशी सोडतच नाही. संख्या वाढली की सगळे मिळून सोडतात. म्हणून भरताना टणक असलेला कांदा दमट हवेत पाहता पाहता बसतो.

माती निर्जंतुक मुळीच करू नका. असलीच विकरे सोडणारे जिवाणू तुमची धसकटे कुजवतात. अंबाडीचे फोक पाण्यात भिजवून वाख म्हणजे दोराचा धागा सुटतो, तोही पेक्टिन विरघळल्यामुळेच. माती जिवंत राहू द्या, कांद्यात शिरायची वाट तेवढी बंद करा.

ती वाट म्हणजे ओली मान आणि जखम. नत्राचा शेवटचा हप्ता लागवडीनंतर ४५ दिवसांपर्यंत उरका. उशिरा युरिया टाकला की मान जाड राहते, वाळत नाही. काढणीआधी १० ते १५ दिवस पाणी तोडा. निम्म्या माना पडल्या की काढा. एका ओळीची पात दुसऱ्या ओळीतल्या कांद्यावर येईल असा ३ ते ५ दिवस शेतात पसरवा. मग दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापा. हे मजुरांना स्वतः कापून दाखवा. घाईत मान कांद्यालगत कापली जाते आणि जिवाणूंना दार तिथेच उघडते. त्यानंतर १० ते १२ दिवस सावलीत सुकवा. खुरपे लागलेला माल, डेंगळे (फुलाचा दांडा आलेले कांदे), जोडकांदे चाळीत नकोत.

आता भरलेल्या चाळीचे. पावसाची उघडीप पाहून चाळ फोडा आणि हाताने निवड करा. सडक्याचे पाणी लागलेला पण टणक कांदा सावलीत कोरडा करून सगळ्यात आधी विका. सडका माल बांधावर फेकू नका. शेत आणि विहिरीपासून लांब खड्ड्यात पुरा.